छपरावरील ऊन आणि शेजारधर्म

ऊन ही फुकट मिळणारी वस्तू आहे अशी आपली सर्वांची समजूत. पाण्याला पट्टी आहे, विजेला बिल आहे, गॅसला सिलिंडरचा दर आहे. उन्हाला मात्र अजून कोणीं मीटर बसविलेला नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शहरांतील गच्च्यांवर निळीं-काळीं सौर पॅनेलें दिसूं लागलीं आणि या फुकटच्या वस्तूला एकाएकीं किंमत आली. केंद्र सरकारनें २०२४ सालच्या फेब्रुवारींत ‘पीएम सूर्यघर’ ही योजना जाहीर केली. तिचें उद्दिष्ट १ कोटी घरांचें होतें, आणि ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यांत आलें. असा संच महाराष्ट्राच्या उन्हांत वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें १२ युनिट वीज देतो. त्याला सुमारें ३० चौरस मीटर मोकळी गच्ची लागते, आणि तो २५ वर्षें चालावा या हिशेबानें लोक त्यांत पैसा घालतात. पेन्शनीवर जगणाऱ्या गृहस्थाच्या दृष्टीनें हा खर्च म्हणजे उरलेल्या आयुष्याचें वीजबिल आगाऊ भरून टाकण्यासारखाच आहे.

आतां प्रश्न असा कीं, या २५ वर्षांच्या आंत दक्षिणेच्या प्लॉटवर दहा मजल्यांची इमारत उभी राहिली तर काय? पॅनेल आपलें, गच्ची आपली, पैसा आपला. पण ऊन ज्या वाटेनें येतें ती वाट शेजाऱ्याच्या जागेवरून जाते. त्या वाटेवर आपला कांहीं हक्क आहे काय? आणि असला, तर शेजाऱ्यानें आपलें घर बांधावयाचें कोठें? या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस भलीं माणसें उभीं आहेत, म्हणूनच तो अवघड आहे. आज त्याचाच थोडा विचार करूं.

प्रथम सूर्याची चाल लक्षांत घेतली पाहिजे. कारण सांवलीचें माप ठाऊक झाल्यावांचून कायद्याचा किंवा शेजारधर्माचा विचार करितां येत नाहीं. सांवली मोजण्याचा उद्योग आपल्याकडे फार जुना आहे. १२ अंगुळें उंचीचा शंकु सपाट जागीं उभा करावयाचा आणि त्याची सांवली अंगुळांत मोजावयाची, ही आपल्या ज्योतिषांची पद्धत. भास्कराचार्यांच्या लीलावतींत छायाव्यवहार या नांवाचें एक प्रकरणच आहे. दिवस व रात्र समान असतात त्या दिवशीं भर मध्यान्हीं शंकूची जी सांवली पडते तिला पलभा म्हणत. पुणें साडेअठरा अक्षांशांवर असल्यामुळें तेथील पलभा ४ अंगुळें येते. मेच्या मध्यास आणि पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य पुण्यामुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हां क्षणभर सांवली नाहींशीच होते. मधल्या काळांत तर ती किंचित् दक्षिणेस पडते. उलट २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो, आणि त्याच १२ अंगुळांच्या शंकूची सांवली पावणेअकरा अंगुळें होऊन उत्तरेस पडते.

येथें एक सूचना करून ठेवितों. घड्याळाचे बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपलीं घड्याळें मिर्झापुराजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेनें चालतात. पुणें त्याच्या बरेंच पश्चिमेस आहे, म्हणून डिसेंबरांत तेथील खरी मध्यान्ह साडेबारा वाजून गेल्यावर होते. पुढें मी जे तास सांगेन ते सूर्याचे समजावे. घड्याळांत त्यांहून अर्धा तास अधिक धरावा.

तेव्हां २१ डिसेंबर हा सांवलीच्या परीक्षेचा दिवस. त्या दिवशीं मध्यान्हीं १० मीटर उंचीच्या इमारतीची सांवली पुण्यास ९ मीटर पडते. दिल्लीस तीच सुमारें पावणेतेरा मीटर, अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्याच्या बोल्डर शहरीं २० मीटर आणि लंडनला ३७ मीटर पडते. हे आंकडे ध्यानांत ठेवावे. परदेशी लोकांना जें ऊन राखण्यासाठीं चौपट जागा सोडावी लागेल, तें आपल्याला थोडक्यांत राखतां येण्यासारखें आहे. निसर्गानें आपल्याला दिलेली ही मोठी सवलत आहे.

एक उदाहरण घेऊं. एका सोसायटीची तीन मजली इमारत १० मीटर उंच आहे आणि तिच्या गच्चीवर पॅनेलें आहेत. दक्षिणेकडील जुना बंगला पाडून तेथें ३१ मीटर उंचीची लांबरुंद इमारत उठली, आणि दोहोंच्या भिंतींमध्यें ९ मीटर अंतर राहिलें. म्हणजे नवी इमारत जुन्या गच्चीहून २१ मीटर वर चढली. २१ डिसेंबरला मध्यान्हीं या २१ मीटरांची सांवली सुमारें १९ मीटर पडेल. मधले ९ मीटर वजा घातले कीं, गच्चीचा दक्षिणेकडील १० मीटरांचा पट्टा सांवलींत गेला. सकाळीं सूर्य आग्नेयेस असतो तेव्हां सांवली वायव्येकडे याहूनही लांब जाते. दुपार कलल्यावर ती ईशान्येकडे तशीच लांबते. विषुवदिनीं मात्र हीच सांवली मध्यान्हीं सातच मीटर पडेल आणि गच्चीपर्यंत पोंचणारही नाहीं. सर्व हिशेब मांडला म्हणजे असें दिसतें कीं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सुमारें पांच महिने, भर दुपारची सांवली या गच्चीवर राहील. हे महिने आपल्याकडे निरभ्र आकाशाचे. पावसाळ्यांत ढग आणि हिवाळ्यांत शेजारी. मग पॅनेलाच्या वांट्याला उन्हाळा तेवढा उरतो.

सांवली थोडी असली तर नुकसानही थोडें, असें पुष्कळांना वाटतें. पॅनेलाच्या दहाव्या हिश्श्यावर सांवली आली तर वीज एकदशांश घटेल, असा त्यांचा त्रैराशिकाचा हिशेब असतो. सोलर बंबाच्या बाबतींत तो बहुतांशीं खरा आहे. पॅनेलाची रचना मात्र निराळी आहे. त्यांतील लहान लहान घट एकापुढें एक असे सांखळीनें जोडलेले असतात आणि सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. विहिरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोंचवाव्या, तसेंच हें आहे. रांगेंतला एक मनुष्य दमला कीं, सर्व रांग त्याच्याच गतीनें चालते. एका घटावर सांवली आली कीं त्याचा प्रवाह रोडावतो आणि इतर घट उन्हांत असूनही अडून राहतात. शिवाय तो सांवलींतला घट तापून खराब होण्याची भीति असते. हें टाळण्यासाठीं पॅनेलांत बहुधा तीन ठिकाणीं आडवाटा ठेवलेल्या असतात. घट सांवलींत गेला कीं त्याच्या भोंवतालचा तिसरा हिस्सा वगळून प्रवाह आडवाटेनें पुढें जातो. रांग वांचते, पण त्या हिश्श्याची वीज जाते. प्रत्येक पॅनेलास स्वतंत्र इन्व्हर्टर बसवून हें नुकसान आणखी कमी करतां येतें, पण त्याला खर्च अधिक पडतो. तात्पर्य, टाकीचा एक पाय, डिशची एक छत्री किंवा नारळाची एक झांवळी एवढीशी सांवलीसुद्धां पॅनेलास महाग पडते.

आतां कायद्याकडे वळूं. उन्हाच्या हक्काचा विचार मनुष्यानें आजच प्रथम केला असें नाहीं. ग्रीस देशांत ऑलिंथस म्हणून एक नगर होतें. इसवीसनापूर्वी पांचव्या शतकांत त्याचा नवा भाग वसविला गेला तेव्हां रस्ते असे आंखले कीं, घराघराला दक्षिणेचें ऊन मिळावें. रोमन लोक आपल्या घरांत ऊन सांठविणारी खास खोली बांधीत व तिला हेलिओकॅमिनस म्हणत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या उल्पियन या कायदेपंडितानें तिच्यासंबंधीं एक निर्णय दिला आहे, तो पुढें जस्टिनियन बादशहाच्या ५३३ सालच्या संहितेंत घेतला गेला. त्याचा भावार्थ असा: जेथें सांवली सुखाची वाटते अशा जागीं शेजाऱ्यानें सांवली पाडली तर त्यानें उजेडाच्या हक्काचा भंग केला असें होत नाहीं, पण ऊन सांठविण्याच्या खोलीवर किंवा छायायंत्रावर सांवली पाडली, तर जेथें ऊन आवश्यक तेथेंच त्यानें तें हिरावलें, म्हणून तो भंग होय. ऊन कोणत्या कामासाठीं हवें आहे, हें पाहून हक्क ठरवावा, ही दृष्टि रोमन लोकांस सतराअठराशें वर्षांपूर्वी होती.

इंग्रजांची दृष्टि निराळी. त्यांचा देश उन्हाला पारखा. त्यांना खिडकींतून येणारा उजेड हवा होता. १६१० सालच्या एका गाजलेल्या खटल्यांत न्यायाधीशांनीं उजेडाचा व हवेचा हक्क मानला, पण सुंदर देखाव्याचा मानला नाहीं. १८३२ च्या कायद्यानें २० वर्षें अखंड उपभोग झाला म्हणजे उजेडाचा हक्क पक्का होतो असें ठरविलें. पुढें १९०४ सालीं त्यांच्या सर्वोच्च न्यायपीठानें सांगितलें कीं, पूर्वीं मिळत असलेला सगळाच्या सगळा उजेड मागतां येणार नाहीं. सामान्य मनुष्याच्या सोयीला पुरेल एवढा राहिला म्हणजे झालें. 

आपला भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. आपल्या तेव्हांच्या मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्यें लागू झाला आणि आजही तोच कायदा आहे. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें एखाद्या इमारतीला येणारा उजेड व हवा यांचा उपभोग शांतपणें, हक्क म्हणून, २० वर्षें अखंड चालला तर तो हक्क पक्का होतो. ही मुदत सरकारी जमिनीविरुद्ध ३० वर्षांची आहे. परंतु हक्काची व्याप्ति सांगतांना २८ वें कलम खिडकी, दार किंवा दुसरी एखादी उघडी जागा यांविषयीं बोलतें. आणि १७ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेडाचा असा चिरभोगाचा हक्क मिळत नाहीं. शिवाय नुकसानभरपाई मागावयाची तर ३३ व्या कलमाप्रमाणें वादीच्या शारीरिक सुखाला बाध आला, त्याचा चालू धंदा पूर्वीसारखा किफायतशीर राहिला नाहीं, किंवा मिळकतीचें मोल घटलें, असें कांहीं दाखवावें लागतें. हा कायदा झाला तेव्हां घराला उजेड लागे तो वाचायला, निवडायला, टिपायला. छपरावर वीज पिकेल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. म्हणून गच्चीवरील पॅनेलाला या कायद्याचें संरक्षण आपोआप मिळेल अशा भरंवशावर कोणीं राहूं नये. आणि मिळालें असें धरलें, तरी २५ वर्षें टिकणाऱ्या संचाला विसाव्या वर्षीं मिळणारा हक्क काय कामाचा?

या प्रश्नाचा सर्वांत अधिक ऊहापोह अमेरिकेंत झाला. तेथील न्यायालयांनीं इंग्रजांचा खिडकीच्या उजेडाचा चिरभोगी हक्कही मानला नव्हता. १९५९ सालीं फ्लॉरिडांतील मायामी बीच येथें एका हॉटेलानें १४ मजल्यांची नवी बाजू बांधावयास घेतली. हिवाळ्यांत दुपारीं दोनपासून तिची सांवली शेजारच्या हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावावर व ऊन खात बसण्याच्या जागेवर पडणार होती. न्यायालयानें सांगितलें, उन्हाचा असा हक्क कायद्यांत नाहीं. इमारत उपयोगाची असली म्हणजे ती अंशतः आकसानें बांधली असली तरी चालेल.

पुढें १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि लोकांचें लक्ष छपरांकडे गेलें. १९८२ सालीं विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. नव्या वसाहतींत एका गृहस्थानें प्रथम घर बांधलें आणि उष्णतेसाठीं व गरम पाण्यासाठीं छपरावर सौर साधनें बसविलीं. नंतर दक्षिणेचा प्लॉट दुसऱ्यानें घेतला व घराचा नकाशा मंजूर करून आणला. पहिल्यानें विनंति केली कीं, घर हद्दीपासून थोडें दूर सरकवा. दुसऱ्यानें तें ऐकलें नाहीं. खालच्या न्यायालयानें दावा काढून टाकला. वरच्या न्यायालयानें तो पुन्हां चालवावयास लाविला. बहुमताचें म्हणणें असें: ऊन अडविण्याला मुभा देणारें जुनें धोरण तीन समजुतींवर उभें होतें. मालकानें आपल्या जमिनीचें हवें तें करावें ही पहिली. ऊन म्हणजे नुसती शोभा किंवा उजेड ही दुसरी. आणि बांधकामाला कसलाही आडकाठी नको ही तिसरी. या तीनही समजुती आतां जुन्या झाल्या, म्हणून ऊन अडविणें हा शेजाऱ्यास उपद्रव होतो किंवा नाहीं, हें प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवरून ठरवावें. रोमन पंडिताच्या विचाराकडे कायदा फिरून आला तो असा.

परंतु न्यायालयाची वाट लांबची. घर बांधून झाल्यावर खटला जिंकणें म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. म्हणून निरनिराळ्या ठिकाणीं आधींच नियम करण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांतून तीन पद्धती निघाल्या.

पहिली पद्धत ‘आधीं येईल त्याचें ऊन’ ही. न्यू मेक्सिको हें कोरडें राज्य. तेथें नदीच्या पाण्याचा हक्क प्रथम वापरणाऱ्याला मिळतो. १९७७ सालीं त्यांनीं तोच न्याय उन्हाला लाविला. हा नियम ऐकावयास सोपा आहे. पण त्यांत एक दोष आहे. ज्यानें छपरावर चार पॅनेलें आधीं मांडलीं त्यानें शेजाऱ्याची जमीन जणूं आपल्या नांवावर करून घेतली. घर बांधायला पैसे सांठवीत बसलेल्या गरिबाच्या प्लॉटचें मोल एका रात्रींत उतरावें, हा न्याय मनाला पटत नाहीं.

दुसरी पद्धत तासांच्या मोजणीची. जपानमध्यें १९७२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ऊन अडविणाऱ्यास जबाबदार धरलें, आणि १९७६ सालीं बांधकामाच्या कायद्यांत नियमच आले. वसतीच्या भागांत ठराविक उंचीवरील इमारतीनें हिवाळ्यांतील सर्वांत लहान दिवशीं सकाळीं आठ ते दुपारीं चार या वेळांत आपल्या हद्दीबाहेर किती तासांहून अधिक सांवली पाडूं नये, हें ते नियम सांगतात. 

तिसरी पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, ती काल्पनिक कुंपणाची. मघांच्या बोल्डर शहरानें १९८२ सालीं ती स्वीकारली. तेथें वसतीच्या प्लॉटभोंवतीं एक काल्पनिक कुंपण आहे असें धरतात. विरळ वस्तींत तें १२ फूट उंच, दाट वस्तींत २५ फूट. २१ डिसेंबरला सकाळीं दहा ते दुपारीं दोन या चार तासांत त्या कुंपणाची जेवढी सांवली शेजाऱ्याकडे पडेल त्याहून अधिक सांवली नव्या बांधकामानें पाडतां कामा नये. येथें आधीं कोण आला हा प्रश्नच उरत नाहीं. पॅनेल असो वा नसो, नियम सर्वांना सारखा. आज ज्याला बंधन वाटतें त्यालाच उद्यां उत्तरेचा शेजारी होऊन त्याचा लाभ मिळतो. राल्फ नोल्स नांवाच्या कॅलिफोर्नियांतील वास्तुशिल्पाच्या प्राध्यापकांनीं याच विचारानें प्रत्येक प्लॉटवर एक आकाशमर्यादा आंखण्याची रीत बसविली: शेजाऱ्याचें ठराविक तासांचें ऊन न अडवितां जास्तींत जास्त केवढा आकार उभा करतां येईल, तो आधींच काढून ठेवावयाचा.

हा नियम आपल्याकडे किती जड जाईल तें पाहूं. पुण्यास २१ डिसेंबरला दहा वाजतां सूर्य ३९ अंश वर व आग्नेयेस असतो. हिशेब केला तर एक मीटर उंचीची सांवली थेट उत्तरेच्या दिशेनें बरोबर एकच मीटर पुढें जाते. दोन वाजतांही तीच स्थिति. मधल्या वेळांत ती त्याहून आंखूड असते. म्हणजे आपल्या अक्षांशावर हा सारा नियम एका वाक्यांत सांगतां येतो: उत्तरेच्या हद्दीवर काल्पनिक कुंपण जेवढें धरलें असेल, त्यावर आणखी जितके मीटर चढावयाचें तितके मीटर हद्दीपासून आंत सरकावें. कुंपण तीन मजल्यांचें, १० मीटरांचें धरलें, तर हद्दीपासून १० मीटर आंत २० मीटर उंची मिळते, २० मीटर आंत ३० मीटर मिळते. इमारत उत्तरेकडून दक्षिणेकडे पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाईल, एवढेंच. शाळेंत भूमिति शिकलेल्या कोणालाही हें फुटपट्टीनें आंखतां येईल. लंडनच्या नगररचनाकाराला एवढी सोपी सोडवणूक मिळणें शक्य नाहीं.

आपल्या सध्यांच्या नियमांत बाजूची मोकळी जागा उंचीच्या एकपंचमांश, अशा प्रकारचें प्रमाण उंच इमारतींकरितां आढळतें. ३० मीटर इमारतीला त्यानें ६ मीटर जागा सुटते, आणि डिसेंबरांतील मध्यान्हींची सांवली मात्र २७ मीटर पडते. हे नियम हवा खेळावी, आगीचा बंब फिरावा, खोल्यांत उजेड यावा यासाठीं आहेत, आणि त्या कामीं ते उपयोगी आहेत. छपरावरील ऊन त्यांच्या हिशेबांत नाहीं.

याचा अर्थ गजबजलेल्या पेठेंत किंवा गिरणगांवांत उद्यांच हा नियम लावावा असा मी आग्रह धरीत नाहीं. तेथें माणसांना डोक्यावर छप्पर हवें आहे. मोडकळीस आलेल्या चाळींतील कुटुंबानें पक्कें घर मिळवावें, याच्या आड माझें पॅनेल येतां कामा नये. परंतु शहरांच्या कडेला जेथें शेतांचे बिनशेती प्लॉट होऊन नव्या वसाहती आंखल्या जात आहेत, तेथें अजून सर्व कांहीं आपल्या हातांत आहे. रस्ते पूर्वपश्चिम आंखले तर प्लॉटांचीं तोंडें दक्षिणोत्तर होतात आणि मधला रस्ताच उन्हाची वाट मोकळी ठेवतो. उंच इमारती वसाहतीच्या उत्तरेच्या कडेला व ठेंगण्या दक्षिणेला ठेवल्या तर एकही मजला कमी न करितां बहुतेकांचीं छपरें उन्हांत राहतात. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस गांवीं १९७० च्या दशकांत ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत पूर्वपश्चिम गल्ल्या आंखून बांधली गेली, ती याच तत्त्वावर. नकाशा कागदावर असतांना हें सर्व फुकट होतें; सिमेंट ओतल्यावर त्याला कोर्टाची फी पडते.

जेथें जुन्या शेजारीं उंच इमारत येणारच, तेथें देवघेवीला जागा आहे. ज्याचें छप्पर सांवलींत जातें त्याला नव्या इमारतीच्या गच्चीवर तेवढी जागा किंवा तेवढ्या विजेची किंमत मिळावी, अशी बोली पुनर्विकासाच्या वेळीं करतां येईल. आणि दोन शेजाऱ्यांचें एकमत झालें तर करारानें असा हक्क निर्माण करावयास आजच्या कायद्यांतही वाव आहे. एकानें दुसऱ्याच्या लाभासाठीं आपल्या जागेवर ठराविक रेषेवर न बांधण्याचें लिहून द्यावें, मोबदला घ्यावा, आणि दस्त रीतसर नोंदवावा. असा सुविधाधिकार माणसाला न चिकटतां मिळकतीला चिकटतो. घर विकलें तरी तो नव्या मालकाकडे जातो. मात्र दस्तांत कोणत्या तारखेस, किती ते किती वाजेपर्यंत, गच्चीच्या कोणत्या भागावर ऊन यावें, हें मापानिशीं लिहावें. ‘ऊन अडवूं नये’ एवढेंच लिहिलें तर वकिलांच्या दोन पिढ्या त्यावर जगतील.

झाडांविषयीं दोन शब्द बोललेच पाहिजेत. कॅलिफोर्नियानें १९७८ सालीं कायदा केला कीं, पॅनेल बसविल्यानंतर लावलेल्या झाडानें दहा ते दोन या वेळांत त्याच्या एकदशांशाहून अधिक भागावर सांवली पाडूं नये. पुढें सनीव्हेल गांवीं पॅनेलांच्या आधींपासून असलेल्या रेडवुड वृक्षांवरून खटला होऊन वृक्षमालकांनाच दोषी ठरविलें गेलें. तेव्हां २००८ सालीं कायदा सुधारून आधींच्या झाडांना अभय देण्यांत आलें. आपल्याकडे शहरांतील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचें संरक्षण आहे. परवानगीवांचून तीं तोडतां येत नाहींत, आणि तें योग्यच आहे. पन्नास वर्षांचा आंबा पंचवीस वर्षांच्या पॅनेलासाठीं पाडणें हा व्यवहार कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. पण नवें झाड लावतांना दिशा पाहावी. आसुपालवासारखीं उंच वाढणारीं झाडें शेजाऱ्याच्या गच्चीच्या दक्षिणेस ओळीनें लावूं नयेत. तेथें लिंबू, डाळिंब, कढीलिंब अशीं बुटकीं झाडें शोभतात. उंच झाडांना रस्त्याची कड किंवा वसाहतीची पश्चिम बाजू द्यावी. दुपारच्या झळा तीं अडवितात.

आणि शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या गच्चीवर नजर टाकावी. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, लिफ्टची खोली, कठडा, कपडे वाळत घालण्याचे खांब यांच्या सांवल्या आपल्याच असतात. टाक्या व खोल्या गच्चीच्या उत्तरेच्या अंगाला घेतल्या तर तो प्रश्न बांधतांनाच मिटतो. दक्षिणेला उंच इमारत होण्याचा संभव असेल तर पॅनेलें गच्चीच्या उत्तर टोंकाला मांडावीं. मघांच्या उदाहरणांत गच्ची १५ मीटर रुंद असती तर उत्तरेकडील ५ मीटरांचा पट्टा २१ डिसेंबरच्या मध्यान्हींही उन्हांत राहिला असता. सांगाडा दोनअडीच मीटर उंच केला तर आणखी सुमारें दोन मीटर पट्टा मोकळा होतो, आणि खालीं वाळवणाला जागाही राहते.

उन्हाळ्यांत रापणाऱ्या आपल्या देशांत सांवली देणें हें पुण्यकर्म मानलें गेलें आहे. वाटेवर झाडें लावणारा, धर्मशाळा बांधणारा, पाणपोई घालणारा हा आपला आदर्श. ‘त्यांच्या सांवलींत वाढलों’ असें आपण कृतज्ञतेनें म्हणतों. अशा समाजाला शेजाऱ्याची सांवली हें नुकसान आहे ही कल्पना चमत्कारिक वाटावी, यांत नवल नाहीं. पण धर्म तोच आहे. शेजाऱ्याला ज्याची गरज आहे तें त्याच्यापासून हिरावूं नये. काल त्याला सांवली हवी होती, आज त्याच्या छपराला ऊन हवें आहे. मात्र हा धर्म दोघांचा आहे. बांधणाऱ्यानें नकाशा मंजुरीला पाठविण्यापूर्वी उत्तरेच्या शेजाऱ्यास दाखवावा. आणि पॅनेल बसविणाऱ्यानें दक्षिणेच्या रिकाम्या प्लॉटवर पुढेंमागें कोणाचें तरी घर होणार हें गृहीत धरून आपली जागा निवडावी.

श्रोतेहो, येत्या २१ डिसेंबरला आपण एक काम करा. दुपारीं साडेबारा वाजून गेल्यावर गच्चीवर जा, आणि ज्याची ज्याची सांवली तेथें पडलेली दिसेल तिची कड खडूनें आंखून ठेवा. घड्याळाच्या साडेदहाला आणि अडीचलाही तसेंच करा. या तीन रेषांच्या बाहेर जी जागा उरेल ती आपल्या वर्षभराच्या उन्हाची खात्रीची जागा. तिचा नकाशा काढून, तारीख घालून, सोसायटीच्या दप्तरांत ठेवावा. उद्यां शेजारीं बोलणें करावयाचें झालें, नगरपालिकेकडे अर्ज करावयाचा झाला किंवा करार लिहावयाचा झाला, तर हा एक कागद शंभर तक्रारींहून अधिक उपयोगी पडेल.